विमानाच्या पंखातले टाके



दारात बसून लांब दाभणाने गादी शिवणारा कारागीर आपल्या पिढीने पाहिला आहे. वरचे कापड आणि खालचे कापड तो आरपार टाक्यांनी एकमेकांना बांधतो. टाके सुटले की कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो आणि गादीचा आकार जातो. विमानाच्या इतिहासाला मी गादीपासून सुरुवात करतो आहे, याचे नवल वाटू देऊ नका. पहिली तीस-पस्तीस वर्षे बहुतेक विमाने कापडी पंखांवर उडाली, आणि ते कापड पंखाला बांधण्याची रीत या कारागिराच्या रीतीहून फार निराळी नव्हती.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे यान किटी हॉक येथे पहिल्या खेपेस बारा सेकंद उडाले. त्याच्या पंखांवर बाजारात थानाने मिळणारे साधे सुती मसलिन होते. ते तिरके बेतलेले होते, म्हणजे धागे पंखाच्या सांगाड्याला तिरपे जात आणि सांगाड्याला आधार देत. त्याआधी १९०२ च्या ग्लायडरच्या वेळी विल्बर शिवणयंत्र चालवी आणि ऑर्विल जमिनीवर बसून कापडावर खुणा करी. त्यांची बहीण कॅथरिन हिने वडिलांना पत्राने हे कळवले होते. आकाशात जाण्याआधी हे दोघे शिवणकामाला बसले होते, हे लक्षात ठेवावे.

पंखाची रचना साधी होती. लांबीच्या दिशेने दोन तुळया, त्यांवर आडव्या बसवलेल्या हलक्या लाकडी बरगड्या आणि त्या सगळ्यावर कापडाची खोळ. उडताना पंखाच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी होतो, म्हणून वरचे कापड फुगून उचलले जाऊ पाहते. ते फुगले तर पंखाची ठरवलेली कमान मोडते आणि त्याबरोबर विमान उचलून धरण्याची त्याची ताकद जाते. म्हणून लांब सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने, वरच्या कापडातून खालच्या कापडापर्यंत प्रत्येक बरगडीभोवती टाके घालत. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ असे, म्हणजे एक तुटला तरी पुढची ओळ उसवत नसे. प्रॉपेलरच्या झोतात येणाऱ्या भागात टाके अधिक जवळ घेत. शेवटी टाक्यांवर करवतीच्या दातांसारख्या कडांची पट्टी चिकटवली की शिवण दिसेनाशी होई.

कापड ताणून बसवण्यासाठी त्यावर 'डोप' नावाचे द्रावण ब्रशने लावत. सेल्युलोजपासून केलेले हे द्रावण वाळताना कापड आकसे, ढोलकीच्या पानासारखे घट्ट होई आणि त्यातून हवा-पाणी जाईनासे होई. उन्हाने धागा कुजू नये म्हणून वरच्या थरांत अॅल्युमिनियमची पूड मिसळत. नायट्रेटचे डोप कापडाला चांगले धरी, पण चटकन पेट घेई. म्हणून अॅसिटेटचे डोप आले, आणि ते विरघळवण्यासाठी टेट्राक्लोरोइथेन वापरले जाऊ लागले.

इथून पुढची गोष्ट माझ्या पेशाची आहे. १९१४ च्या अखेरीस लंडनजवळच्या हेंडन येथे विमानांना डोप लावणारे कामगार आजारी पडू लागले. आधी सुस्ती, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, आणि मग डोळे पिवळे. यकृत नासून काहींचा मृत्यू झाला. ब्रिटिश गृहखात्याचे विषतज्ज्ञ डॉ. विल्यम विलकॉक्स यांनी १९१५ मध्ये दोष टेट्राक्लोरोइथेनच्या वाफेचा असल्याचे दाखवून दिले. ही वाफ हवेहून कितीतरी जड, आणि कामगार दिवसभर पंखावर ओणवे. युद्ध लांबले तसे हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे आले. १९१६ च्या आरंभी अशा काविळीची सरकारला खबर देणे बंधनकारक झाले आणि पुढे ते द्रावक विमानांच्या कामातून हटवण्यात आले. त्या युद्धातल्या वैमानिकांची नावे आपण पुस्तकांत वाचतो. पंख घट्ट करताना गेलेल्यांची नावे फारशी कुणी वाचलेली नाहीत.

हे वाचताना मला माझीच एक चूक आठवते. दवाखाना सुरू करून फार वर्षे झाली नव्हती. एक तरुण सुस्ती आणि भूक मंदावल्याची तक्रार घेऊन आला. मी पोटाचे औषध दिले. आठवड्याने तो पिवळे डोळे घेऊन परतला, तेव्हा मी विचारले, "काम काय करतोस?" तो बंद खोलीत फवाऱ्याने रंग मारत होता. त्याला तातडीने इस्पितळात पाठवले, तो बरा झाला. रुग्णाला त्याचे काम विचारा, हे इटलीच्या रामाझिनीने १७०० सालीच लिहून ठेवले होते. मी ते शिकलो, पण उशिरा.

युद्धात लिननचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेने लांब धाग्याच्या, मर्सराइज केलेल्या सुती कापडाकडे मोर्चा वळवला. आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगावातला विणकर ताण्याचे धागे बोटांनी ओळखतो, त्याला हा हिशेब सहज कळेल: इंचाला किमान ऐंशी धागे, आणि इंचभर रुंदीच्या पट्टीने ऐंशी पौंडांचा ताण सोसायचा. जुने होऊन ही ताकद छप्पन्न पौंडांखाली गेली की पंख उघडून नवे कापड चढवायचे.

आपल्या देशाचा आरंभही याच कापडावर झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथचे पंख कापडीच होते. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टाटांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून केला, तेही कापडीच. १९३३ मध्ये भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तिच्या वॅपिटी विमानांवरही कापड होते आणि त्यांची देखभाल 'हवाई सिपाही' करत. १९५८ मध्ये बंगळूरला पहिल्यांदा उडालेल्या 'पुष्पक'वरही कापडच होते, आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी जण त्यावर उडायला शिकले.

१९६० च्या दशकापासून सुताची जागा पॉलिएस्टरने घेतली. ते इस्त्रीच्या उष्णतेने आकसते, कुजत नाही. मात्र जुनी विमाने दुरुस्त करणारे आजही अनेक विमानांच्या बरगड्यांना हातानेच टाके घालतात. एक जण वर, एक जण खाली, आणि सुई दोघांमध्ये ये-जा करते.

एखाद्या संग्रहालयात असे विमान दिसले, तर पंखाच्या पट्टीखाली सारख्या अंतरावर बारीक उंचवटे दिसतात का, ते पाहा. ते टाके आहेत. त्यांच्याजवळ थोडा वेळ थांबा.