जुनी मोटर आणि ब्रेकचें तेल

विजयादशमीच्या दिवशीं कोल्हापूरच्या दसरा चौकांत मेबॅक मोटर येते, तेव्हां पाहणाऱ्यांची दृष्टि तिच्या रंगावर व लकाकीवर खिळते. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जर्मनींतून आलेली ही गाडी अजून रस्त्यावर चालते, याचें कौतुक सर्वांस वाटतें. परंतु मोटर जुनी झाली म्हणजे ती चालते कीं नाहीं, याहून ती वेळेवर थांबते कीं नाहीं, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. मोटर थांबविण्याच्या विद्येचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं गळतीशीं चाललेल्या झगड्याचा इतिहास होय.

बैलगाडीच्या काळीं चढावर गाडी उभी करावयाची झाल्यास चाकाखालीं दगडाची उटी लावली कीं काम भागे. मोटरीचा वेग असा दगडानें आवरणारा नव्हता. आरंभींच्या मोटरींत पायडलापासून चाकांपर्यंत सळया किंवा तारा नेलेल्या असत. त्या कमीअधिक ताणल्या गेल्या कीं एक चाक आधीं अडे, दुसरें मागाहून अडे, आणि गाडी एका अंगास ओढली जाई. यावरील उपाय सतराव्या शतकांतील फ्रेंच पंडित पास्काल यांच्या नियमांत दडलेला होता. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्वत्र सारखाच पोहोंचतो. एक चौरस इंचाच्या दट्ट्यावर शंभर पौंडांचा भार घातला, तर चाकांजवळच्या दट्ट्यांच्या प्रत्येक चौरस इंचावर तितकाच भार पडतो. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें याच तत्त्वावर १७९५ सालीं दाबयंत्र केलें. मोटरीच्या ब्रेकमध्यें त्याचा उपयोग करणारे अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यांनीं १९१७ सालीं आपल्या रचनेचें पेटंट घेतलें, आणि १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारी चाकांस असे ब्रेक आले.

पण नव्या विद्येबरोबर नवें संकटही आलें. सळई वांकली तरी थोडेंबहुत काम देते; नळींतील तेल गेलें तर पायाच्या दाबाला चाकापर्यंत नेणारें कांहींच उरत नाहीं. लॉकहीड यांच्या आरंभींच्या रचनेंतील चामड्याच्या वाट्या पाझरत. क्रायस्लर कंपनीच्या तंत्रज्ञांनीं त्यांच्या जागीं रबराच्या वाट्या बसविल्या, आणि १९२४ सालच्या क्रायस्लर गाडीपासून या ब्रेकचा प्रसार वाढला. फोर्ड कंपनीनें मात्र १९३९ च्या गाड्यांपर्यंत सळया व तारा सोडल्या नाहींत.

रबर आलें, तरी गळतीचा प्रश्न संपला नाहीं. प्रथम एरंडेल व मद्यार्क यांचें मिश्रण वापरीत, कारण त्यानें रबरास अपाय होत नसे. इंजिनाचें खनिज तेल घातल्यास मात्र रबर फुगून निकामी होतें. पुढें ग्लायकॉल जातीचें द्रव्य आलें. त्याचा दुर्गुण असा कीं तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ या प्रतीचें कोरें तेल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठीं तीच मर्यादा १४० अंश आहे. तेंच पाणी सिलिंडर आंतून गंजवितें, गंजाचे खड्डे रबर कुरतडतात, आणि गळती सुरू होते.

कोल्हापुरास हा विषय दूरचा नाहीं. येथून कोंकणांत उतरणारे रस्ते आंबा, फोंडा व गगनबावडा या बाजूंच्या घाटांतून जातात. लांब उतारावर ब्रेक वारंवार दाबल्यानें तापतो, तेलाची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पोहोंचवीत नाहीं. म्हणून जुने चालक उतारास खालचा गिअर घालीत. ती रीत आजही शहाणपणाचीच आहे. दुसरें असें कीं हें शहर कारागिरांचें आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या यंत्रज्ञांच्या परंपरेंत आणि शिवाजी उद्यमनगरांतील कारखान्यांत, परदेशी सुटा भाग मिळाला नाहीं तर तो येथेंच घडविण्याची हिंमत वाढली. खड्डे पडलेल्या सिलिंडरांत लेथवर नवी बाही बसवितां येते. रबराची वाटी मात्र लेथवर घडत नाहीं. ती योग्य मापाची व नवीच घ्यावी लागते. कारागिरीची सीमा ओळखणें हाही कारागिरीचाच भाग आहे.

जुन्या गाडींत तेलाची पातळी उतरूं लागली, तर कारण शोधल्याशिवाय वरून तेल ओतणें हा आत्मघात होय. चाकाच्या आंतल्या अंगास ओल दिसल्यास तेथील सिलिंडर पाझरतो. पायडलाजवळ थेंब दिसल्यास मुख्य सिलिंडर पाझरतो. बाहेर कोठेंच थेंब नसून दाबलेलें पायडल हळूहळू खालीं बसत असेल, तर मुख्य सिलिंडराच्या आंतील वाटी झिजलेली असण्याचा संभव मोठा. नळ्या चिरल्या आहेत काय, हेंही पाहावें. तेलानें भिजलेले लायनर पुसून चालत नाहींत, ते बदलावेत. दुरुस्तीनंतर नळ्यांतील सर्व हवा काढावी, आणि सपाट व मोकळ्या जागीं मंद गतीनें परीक्षा घ्यावी.

जुन्या बहुतेक गाड्यांत चारी चाकांस एकच तेलमार्ग असे. एके ठिकाणीं नळी फुटली कीं चारी ब्रेक जात, आणि उरे तो केवळ तारेचा हातब्रेक. अमेरिकेंत १९६८ पासून नव्या मोटरींस दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले. एका थेंबाची किंमत जगास इतक्या उशिरां कळली. आजही घरांतील जुन्या मोटरीखालीं सकाळीं एखादा ओला डाग दिसतो, आणि धनी बाटलीभर तेल ओतून प्रवासास निघतो. तो डाग म्हणजे गाडीनें आधींच दिलेली सूचना असते. घाटाच्या वळणावर ती दुसऱ्यांदा मिळत नाहीं.