रिकामे सहावे घर

अमेरिकेच्या कॅन्सस संस्थानातील विचिटा या गावी, जेथे टेक्सासहून हाकत आणलेली गुरे आगगाडीत चढवली जात आणि गुराख्यांची सगळी मजुरी दारूच्या गुत्त्यांत रिती होत असे, तेथे 1876 सालच्या जानेवारीच्या 9 तारखेस, रविवारी रात्री, एका गुत्त्याच्या मागल्या दालनात गावचा एक पोलीस शिपाई दोघातिघांसह बसला असता, त्याच्या कमरेच्या चामडी म्यानातून रिव्हॉल्व्हर निसटले, पडता पडता त्याचा घोडा खुर्चीवर आपटला, आणि सुटलेली गोळी त्याच्याच कोटातून आरपार जाऊन, उत्तरेकडील भिंतीवर आदळून, छतातून बाहेर पडली. गावच्या ‘बीकन’ पत्राने तीन दिवसांनी ही हकिकत छापली, तीत दालनातील मंडळींची जी पळापळ उडाली तिचे वर्णन मिस्किलपणे केले आहे. एकाची तर खिडकीबाहेरून कोणी गोळी झाडली अशीच समजूत झाली होती. हा शिपाई म्हणजे वायट अर्प, पुढे 1881 साली टूमस्टोनच्या चकमकीमुळे ज्याचे नाव दंतकथेत गेले तो. त्याच्या मृत्यूनंतर, 1931 साली, स्टुअर्ट लेक यांनी लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यात जाणता माणूस सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरतो, असा उपदेश अर्पच्या तोंडी आहे. हा उपदेश कोणत्या शाळेत शिकलेला असावा, हे ‘बीकन’चा तो अंक वाचलेल्यास निराळे सांगावे लागत नाही.

एका इसमाचा गाफीलपणा म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती, परंतु दोषाचा मोठा वाटा हत्याराच्या घडणीत होता. अमेरिकी लष्कराने 1873 साली स्वीकारलेल्या आणि त्या मुलखात सर्वत्र पसरलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसाच्या बुडावर आघात करणारी टोकदार खुंटी घोड्यालाच घट्ट बसवलेली असे, त्यामुळे घोडा पूर्ण खाली असला की ती खुंटी भरलेल्या काडतुसावर टेकून राही, आणि वरून बसलेला एक फटका गोळी सुटण्यास पुरेसा होई. घोडा किंचित उचलून अडकवून ठेवण्यासाठी एक खाच होती खरी, परंतु ती धरणारे पोलाद इतके नाजूक होते की हत्यार घोड्यावर पडले म्हणजे ते तुटण्याचीच भीती. यावर उपाय यंत्रात नव्हता, तो शिरस्त्यात होता: पहिल्या घरात काडतूस भरावे, दुसरे घर सोडावे, पुढील चार भरावीत, मग घोडा पूर्ण चढवून हलकेच खाली सोडावा, म्हणजे सोडलेले घर नेमके घोड्याखाली येते. नवल असे की याच्या आधीच्या पिढीतील टोपीदार रिव्हॉल्व्हरांत ही तजवीज होती. सॅम्युएल कोल्टच्या 1851 सालच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन घरांच्या मध्ये बारीक खुंट्या होत्या, रेमिंग्टनच्या हत्यारात खाचा होत्या, आणि त्यांवर घोडा विसावला म्हणजे सहाही घरे निर्धास्तपणे भरता येत. धातूचे काडतूस आले, भरण्याचा वेग वाढला, आणि त्या प्रगतीच्या गर्दीत हा छोटासा बंदोबस्त मागे राहिला.

म्यानाचा इतिहास याहून जुना आहे. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, पिस्तुलांच्या काळी पिस्तूल स्वाराच्या अंगावर क्वचितच असे. त्याची जागा खोगिराच्या पुढील भागास बांधलेल्या जोडम्यानात, म्हणजे धोका झालाच तर तो आधी घोड्याच्या खांद्याला. 1847 सालचे कोल्टचे सुप्रसिद्ध ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलो वजनाचे असल्याने तेही खोगिरावरच राहिले. पुढे हत्यार हलके झाले, कमरेवर आले, आणि त्याबरोबर नळीचे तोंड स्वतःच्या मांडीकडे व पायाकडे वळले. यानंतरच्या बहुतेक अपघातांचा नकाशा या एका स्थलांतराने आखून दिला आहे. लष्कराने म्यानावर झाकण ठेवले, कारण लष्करास चिखल, पाऊस आणि दौडीतील धक्के यांची चिंता होती. गुराख्याने झाकण काढून टाकले आणि त्याऐवजी रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर अडकवण्याची चामड्याची एक वादी ठेवली. ती वादी अडकवण्याचा कंटाळा किती महाग पडे, हे विचिटाच्या त्या छतास ठाऊक होते.

याच काळात हिंदुस्थानात घडलेल्या एका प्रकाराचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. सॅम ब्राऊन नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याचा डावा हात 31 ऑगस्ट 1858 रोजी पिलिभीतजवळच्या लढाईत तुटला. तलवार उपसताना म्यान सावरावयास डावा हात लागतो, तो उरला नाही म्हणून त्याने उजव्या खांद्यावरून तिरका जाणारा एक पट्टा कंबरपट्ट्यास जोडला, आणि त्याच पट्ट्यावर उजव्या बाजूस झाकणाच्या म्यानात पिस्तूल पक्के बसवले. एका अपंग माणसाची ही व्यक्तिगत सोय पुढे साऱ्या साम्राज्याच्या सैन्याचा गणवेश झाली, आणि आपल्याकडील पोलीस अधिकाऱ्यांच्या छातीवर तो तिरका पट्टा आपण स्वातंत्र्यानंतरही पाहत आलो.

चामड्याकडून काम पोलादाकडे गेले ते एकोणिसावे शतक संपताना. मॅसॅच्युसेट्समधील आयव्हर जॉन्सन या कारखान्याने घोडा आणि आघाताची खुंटी वेगळी करून त्यांच्यामध्ये एक पट्टी ठेवली. चाप पूर्ण ओढला तरच ती पट्टी वर येऊन घोड्याचा आघात खुंटीपर्यंत पोहोचवी, एरवी घोड्यावर हातोडा मारला तरी गोळी सुटत नसे, आणि कारखान्याने जाहिरातीही तशाच, हातोड्याच्या, दिल्या. युक्ती उत्तम होती. परंतु तिच्या भरवशावर काढलेली 1904 सालची एक जाहिरात, जीत एक लहान मुलगी बिछान्यात बसून रिव्हॉल्व्हरशी खेळते आहे आणि त्याने आपल्याला काही इजा होणार नाही असे वडील म्हणतात, असे सांगते आहे, ती पाहून आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. चाप ओढल्यावर ते हत्यार आपले काम चोख करीतच होते. अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर 1901 साली झाडलेल्या गोळ्या याच कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरच्या होत्या. स्मिथ अँड वेसन या मातबर कंपनीस मात्र आपल्या रचनेतील उणीव कळण्यास 1944 साल उजाडावे लागले: जहाजाच्या डेकवर पडलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुटून अमेरिकी नौदलाचा एक खलाशी ठार झाला, आणि मग घोड्यास अडविणारा नवा भाग त्वरेने सर्व उत्पादनात घालण्यात आला. जुन्या कोल्टच्या धर्तीवर रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या रुगर कंपनीने तर आयव्हर जॉन्सनसारखी मधली पट्टी 1973 साली स्वीकारली, म्हणजे मूळ दोषास बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा. त्यापूर्वी विकलेल्या हत्यारांत नवा भाग फुकट बसवून देण्याची व्यवस्थाही कंपनीने पुढे केली. सोबत काढलेले जुने भाग परत मिळतात, कारण संग्राहकास जिवापेक्षा अस्सलपणा प्यारा असतो.

मध्यंतरी, 1950 नंतरच्या दशकात, दूरचित्रवाणीवरील गुराखीपटांनी अमेरिकेतील तरुणांस झटपट पिस्तूल उपसण्याचा छंद लावला. आर्व्हो ओयाला या चित्रपटसृष्टीतील नेमबाजी-शिक्षकाने चामड्याच्या आत धातूचा पत्रा घातलेले म्यान प्रचारात आणले. पत्र्यामुळे हत्याराचे फिरते चक्र मोकळे राही, आणि रिव्हॉल्व्हर म्यानात असतानाच घोडा चढवता येई. पडद्यावर बिनगोळीची काडतुसे असत, हौशी मंडळींनी खरी भरली. घोडा म्यानातच चढलेला, बोट चापावर, आणि नळी मांडीला समांतर, अशा अवस्थेत क्षणाच्या एका अंशाची चूक थेट स्वतःच्या पायात जाई. शेवटी या खेळाच्या मंडळांना खऱ्या गोळीवर बंदी घालून मेणाच्या गोळ्यांवर व नुसत्या बारावर यावे लागले.

त्याच सुमारास पोलिसांच्या कमरेला जी म्याने होती त्यांत चाप उघडा असे. टेक्सासमधील एल पासो येथे 1920 नंतर टॉम थ्रीपर्सन्स नावाच्या गृहस्थाच्या सूचनेवरून बनू लागलेला हा घाट, उपसताना बोट लगेच चापावर जावे म्हणून कापलेला, अनेक वर्षे प्रतिष्ठित राहिला. रिव्हॉल्व्हरचा चाप जड आणि लांब ओढीचा असल्याने तो निभावूनही गेला. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 साली ग्लॉक पिस्तूल स्वीकारले आणि ते पुढे जगभरच्या पोलिसांकडे पोहोचले, तेव्हा हे गणित उलटले. हे पिस्तूल खाली पडले तरी उडू नये म्हणून त्यात तीन अडसर आहेत, बाहेर मात्र अंगठ्याने लावावयाची कळ नाही, आणि हे तिन्ही अडसर चाप ओढताच बाजूला होतात. चाप ओढणारे बोट आहे, सदऱ्याचे टोक आहे, जाकिटाच्या नाडीची गाठ आहे की जुन्या म्यानाची मऊ पडून आत दुमडलेली चामडी कड आहे, हे त्यास समजण्याचा काही मार्ग नाही. पोलाद इतके सुधारले की सारा भार पुन्हा म्यानावर आला. म्हणून आता म्यान चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारे, आकार न सोडणारे हवे, आणि कायडेक्स नावाचे उष्णतेने वळणारे कडक प्लॅस्टिक चामड्याच्या जागी आले ते बव्हंशी यामुळेच. अनुभवी शिक्षक असेही सांगतात की पिस्तूल उपसण्याची घाई एक वेळ समजू शकते, परत ठेवण्याची कधीच नाही. बोट चापापासून दूर सरळ ठेवावे, कपडा बाजूला सारावा, म्यानाकडे पाहावे आणि मग सावकाश आत सरकवावे, आणि जरा जरी अडल्यासारखे वाटले तरी दाबू नये. अमेरिकी फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस याने तर म्यानच वापरले नव्हते. 2008 साली न्यूयॉर्कच्या एका क्लबात ढिल्या विजारीतून घसरणारे ग्लॉक सावरू गेला असता त्याच्या उजव्या मांडीत गोळी शिरली, आणि बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली ती वेगळीच.

1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे मुंबईत एका सुप्रसिद्ध हिंदी चित्रपट अभिनेत्याच्या हातून कपाटात ठेवताना त्याचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर पडले आणि गोळी गुडघ्याखाली लागली, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती बहुतांशी कोणी घातपात केला का याची. घोडा कशावर टेकला होता, हे कोणी फारसे विचारले नाही. आपल्या 2016 च्या शस्त्र नियमांत परवान्यापूर्वी सुरक्षित हाताळणी, बाळगणे आणि साठवण यांचे प्रशिक्षण सांगितलेले आहे. परवानाधारकांनी ते प्रमाणपत्रापुरते उरकू नये. आणि ज्यांच्या घरी वडिलोपार्जित जुने रिव्हॉल्व्हर आहे त्यांनी ते जाणकार बंदूक-कारागिराकडून एकदा तपासून घ्यावे, आणि तोवर त्यात एकही काडतूस ठेवू नये.