आयनिक द्रवांची मिश्रणे आणि सुपरकॅपॅसिटर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सामान्य तापमानाला द्रवरूप राहणारे क्षार म्हणजे आयनिक द्रव. त्यांचा इतिहास बहुधा १९१४ पासून सांगितला जातो. त्या वर्षी पॉल वाल्डेन यांनी १२ अंश सेल्सियसला वितळणारे इथिल अमोनियम नायट्रेट नोंदविले. वितळलेल्या क्षारांची विद्युतवाहकता अतिउच्च तापमानाशिवाय अभ्यासता यावी, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यामुळे त्यांना सुपरकॅपॅसिटरचे आद्य प्रवर्तक ठरविणे इतिहासाला धरून नाही.

मिश्रणाचा धागा वेगळा आहे. १९५१ मध्ये हर्ली व विअर यांनी ॲल्युमिनियम क्लोराइड आणि इथिल पिरिडिनियम ब्रोमाइड हे दोन घन पदार्थ मिसळून द्रव मिळविला. तो त्यांना ॲल्युमिनियमचा मुलामा देण्यासाठी हवा होता. मात्र बाष्पाच्या संपर्कात तो बिघडत असे. १९९२ मध्ये विल्क्स व झावोरोत्को यांनी हवेत टिकणारे इमिडॅझोलियम क्षार तयार केल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली. (त्यांपैकी टेट्राफ्लुओरोबोरेट क्षारही पाण्याने हळूहळू विघटित होतात, हे पुढे लक्षात आले.)

दरम्यान सुपरकॅपॅसिटरचा विकास स्वतंत्रपणे चालला होता. सच्छिद्र कार्बनाच्या विद्युतअग्रांवर आधारित असे पहिले पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांना १९५७ मध्ये मिळाले. या साधनातील ऊर्जा विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाण्याचे अपघटन तत्त्वतः १.२३ व्होल्टलाच सुरू होते. सेंद्रिय द्रावणे सुमारे २.७ व्होल्टपर्यंत आणि आयनिक द्रव ३.५ व्होल्टच्या आसपास टिकतात. या लाभाची किंमत म्हणजे त्यांची अधिक श्यानता आणि थंडीत गोठण्याची प्रवृत्ती.

येथे १९५१ ची युक्ती निराळ्या प्रयोजनाने पुन्हा आली. २०११ मध्ये फ्रान्समधील तुलूझ व अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी एकच ऋण आयन, पण भिन्न वलयांचे धन आयन असलेले पायपेरिडिनियम व पायरोलिडिनियम क्षार समप्रमाणात मिसळले. आकारातील या भेदामुळे स्फटिकरचना जुळत नाही आणि मिश्रण द्रवच राहते. त्यावर उणे ५० ते १०० अंश सेल्सियस या पल्ल्यात सुपरकॅपॅसिटर चालला.

हे आकडे पुष्कळदा केवळ द्रवाच्या नावावर उद्धृत होतात, ते न्याय्य नाही. त्या प्रयोगात नेहमीचा सक्रियित कार्बन नव्हता. दाट द्रवातील आयनांना सहज पोचता यावे म्हणून उघड्या पृष्ठभागाचे कार्बन-कांदे व उभ्या कार्बन नॅनोनलिका वापरल्या होत्या. आणि अशा कार्बनाची दर ग्रॅम धारकता सक्रियित कार्बनापेक्षा कमीच असते.