अंगणातला कारखाना

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदूराव हे मराठी नाव आजही नांदत आहे. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा 1835 मध्ये खून झाला. त्यानंतर त्याचा येथील वाडा बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांनी विकत घेतला. 1857 च्या वेढ्यात तोच वाडा इंग्रजांचे मोर्च्याचे ठाणे झाला. पुढे तेथे रुग्णालय आले. टेकडी उतरून दक्षिणेस गेले की थोड्याच अंतरावर काश्मिरी दरवाजा लागतो. 14 सप्टेंबर 1857 रोजी जो दरवाजा इंग्रजांनी सुरुंगाने उडविला, त्याच्याच परिसरात विसाव्या शतकात मोटारीच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ वसली. लढाईच्या खुणा पाहण्यास प्रवासी येतात. या बाजाराचा इतिहास मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः तोही एका दीर्घ झगड्याचाच इतिहास आहे. सामान्य गृहस्थाने यंत्राशी केलेला तो झगडा होय.

मोटारीचे एंजिन अग्नीवर चालते आणि पाण्यामुळे तगते. प्रत्येक सिलिंडरला योग्य क्षणी ठिणगी वाटून देणारा तो डिस्ट्रिब्यूटर, आणि तापलेल्या एंजिनाभोवती पाणी खेळते ठेवणारा तो पंप. यांपैकी पहिला रुसला तर गाडी हलत नाही. दुसरा रुसला तर ती वाटेत वाफा सोडीत उभी राहते.

या दोन्ही अडचणी मोटारीइतक्याच जुन्या आहेत. ऑगस्ट 1888 मध्ये बर्टा बेन्झ यांनी दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास पतीच्या तीनचाकी मोटारीतून केला. वाटेत एंजिनासाठी वारंवार पाणी भरावे लागले. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. गाडी स्वतः दुरुस्त करणारा पहिला चालक शोधावयाचा, तर इतिहास या गृहिणीकडेच बोट दाखवील.

पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी सुधारलेली प्रज्वलनव्यवस्था सिद्ध केली. 1909 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीच्या आद्याक्षरांतून ‘डेल्को’ हे नाव निघाले. आपल्याकडील मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला डेल्को म्हणू लागले ते त्यावरूनच. एका दूरच्या कंपनीचे नाव असे आपल्या गल्लीबोळांत एका वस्तूचे नाव होऊन बसले.

हिंदुस्थानात मोटारी प्रथम परदेशाहून तयार आल्या. 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत भाग जुळविण्याचा कारखाना काढला. तथापि मोटार येथेच घडली पाहिजे, असा ध्यास ज्यांनी घेतला त्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद अग्रणी होते. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर घराण्याच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले आणि ‘फियाट’ हा शब्द मुंबईकराच्या तोंडी बसला. तिकडे बंगालमधील उत्तरपाड्यास 1957 पासून ॲम्बॅसॅडर तयार होऊ लागली; दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांसमोर तिच्याच रांगा लागत.

आयातीवर निर्बंध होते आणि उत्पादन थोडे होते. नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे आहे ती गाडी टिकविणे हाच शहाणपणा ठरे. एकाच बनावटीची गाडी दशकानुदशके चालल्याने तिचे भाग सर्वत्र मिळत आणि तिचे दुखणे सर्वांना परिचित असे. अशा परिस्थितीत कित्येक कारकून, प्राध्यापक आणि डॉक्टर रविवारी सकाळी बाह्या सरसावून गाडीचे झाकण उघडीत. घराचे अंगण हाच त्यांचा कारखाना.

त्या कामाला एक शिस्त होती. डेल्को काढण्यापूर्वी हँडलने एंजिन फिरवून पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या टप्प्यात माथ्यावर आणावयाचा, रोटर कोणत्या दिशेस आहे याची खूण करावयाची, आणि तारांचा क्रम टिपून ठेवावयाचा. चार सिलिंडरांच्या त्या गाड्यांत ठिणगीचा क्रम बहुधा 1-3-4-2 असे. खूण विसरली की नवा डेल्को बसवूनही एंजिन नुसते खोकत राही. पॉइंटमधील फट सुमारे 0.4 मिलिमीटर; नखाएवढी चूकही येथे चालत नसे. पंपाचे काम त्याहून ओबडधोबड. एंजिन निवू द्यावयाचे, रेडिएटरचे पाणी काढावयाचे, पट्टा आणि पंखा उतरवून पंप सोडवावयाचा, आणि जुन्या पॅकिंगचा चिकटलेला थर खरवडून काढावयाचा. हा थर काढण्याचा कंटाळा केला तर नवा पंपही पहिल्याच दिवशी गळे. धीर धरणाऱ्यालाच यंत्र वश होते, हा धडा मुलांनी टॉर्च धरून उभे राहता राहता घेतला.

या काळाचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. ती कुशलता बरीचशी टंचाईची लेक होती. वैशाखाच्या उन्हात वाफाळणारे रेडिएटर आणि पावसाळ्यात दमट होऊन बसणारे डेल्को यांनी किती कामे खोळंबली याची गणती नाही. शिवाय त्या एंजिनांचा धूर शहराच्या छातीत जात होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 मधील आदेशाने दिल्ली परिसरात नव्या गाड्यांना कडक निकष लागू झाले. इंधनाचे आणि ठिणगीचे नियमन हळूहळू इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेले आणि डेल्को अंतर्धान पावला. 2014 मध्ये ॲम्बॅसॅडरचे उत्पादनही थांबले. पाण्याचा पंप अद्याप आहे. पण आता तो बहुधा मिस्त्रीच बदलतो.

हिशेब केला तर जमेची बाजू मोठी आहे: हवा कमी बिघडते, गाडी क्वचित अडते. खर्चाच्या बाजूस एकच रक्कम लिहावी लागेल, आणि ती लहान नाही. आपण रोज जे वापरतो ते कसे चालते हे स्वतःच्या हातांना ठाऊक असणे, ही ती रक्कम. वालचंदांनी कुर्ल्यास देशाचा कारखाना उभारला; पण त्याच्या गाड्या चालत्या ठेवल्या त्या हजारो अनामिक अंगणांनी. काश्मिरी दरवाजाच्या दुकानांतील तेलकट फळ्यांवर त्या अंगणांचा इतिहास लिहिलेला आहे, आणि तो वाचण्यास सुरुंगाच्या खुणा पाहण्याइतकाच वेळ पुरेल.