आबूचा घुमट आणि पळसदेवचे शिखर

तीर्थयात्रेस निघालेला श्रावक आबूच्या विमलवसहीत दर्शन घेऊन मान वर करतो आणि क्षणभर थबकतो. मंदिराची स्थापना इ. स. १०३१ मधील; रंगमंडपाची भर बाराव्या शतकातील. त्याच्या घुमटात एकात एक वर्तुळे बसविलेली असून प्रत्येक वर्तुळ आतल्या बाजूस लहान होत जाते आणि अखेरीस मध्यभागी संगमरवरी कमळ अधांतरी लोंबते. आकृती एकच, तिच्या आवृत्तीतून विस्तार साधलेला आहे.

हे भूमितीचे वैभव दूरच्या तीर्थांपुरते मर्यादित नाही. वडगाव निंबाळकरच्याच बारामती तालुक्यात लोणी भापकर येथे यादवकालीन मल्लिकार्जुन मंदिर आहे. तेथील चौरस पुष्करणीच्या भिंतींत देवकोष्ठे ओळीने रचलेली दिसतात. शेजारच्या इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथ मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या चार दिशांना चार उभे पट्टे असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत इवल्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. वर जाताना प्रत्येक शिखर प्रमाणात लहान होते. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात ही रचना आजही स्पष्ट पाहता येते.

कापडावर ठसे उमटविणारा कारागीर एकच ठसा शेकडो वेळा वापरतो. पाथरवटास ती सोय नव्हती. प्रत्येक आकृती त्याला नव्याने घडवावी लागे, तीही वरच्या थराला ठरल्या प्रमाणात लहान करून. सूत्र आणि ओळंबा हाती नसते, तर पहिल्या थरातील रेषभर चूक कळसापर्यंत वाढत गेली असती.

या पुनरावृत्तीचा आणखी एक लाभ आहे. एखादी आकृती भंगली, तर शेजारची पाहून तिचे मूळ रूप ठरविता येते. मात्र शेजारचीही तैलरंगाच्या थरांखाली बुजली किंवा फरशीआड गेली, तर तो पुरावा नजरेआड होतो. पळसनाथाचे मंदिर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात गेले. २०१३ च्या दुष्काळात पाणी ओसरले, तेव्हा ते पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली होती. पाण्याला इलाज नव्हता. रंगाला आणि फरशीला आहे. जीर्णोद्धाराचा संकल्प करणाऱ्या प्रत्येक विश्वस्त मंडळाने कामास हात घालण्यापूर्वी मूळ आकृत्यांची मापे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत. पूर्वजांनी दगडात मांडलेला हा हिशेब पुढील पिढीच्या हाती चोख सोपविणे, हीही धर्मसेवाच होय.