आधी नमुना, मग वस्तू

पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. शिल्पकार करमरकरांनी घडविलेल्या या पुतळ्याचे अनावरण १९२८ साली झाले. सबंध पुतळा एकसंध ओतलेला! अशा ओतकामात दुसरी संधी नसते. सारी दुरुस्ती आधी नमुन्यातच उरकावी लागते. माती चूक पोटात घालते, धातू घालीत नाही.

यंत्रांचीही हीच कथा. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे ओतीव लोखंडी भागाचा पहिला अवतार लाकडाचाच असे. बिडाचा रस थिजताना सुमारे शेकडा १ इतका आकसतो. पॅटर्न करणारा सुतार तेवढी वाढ आधीच धरी. एकेका नमुन्यापायी दिवसच्या दिवस जात.

१९८० साली जपानात हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे थरावर थर चढवून वस्तू घडविण्याची रीत मांडली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ साली पेटंटचा अर्ज केला. ते १९८६ साली मिळाले. आता संध्याकाळी संगणकावर रेखलेला लहानसा भाग सकाळी हातात घेता येतो.

लोक या वेगाचे कौतुक करतात. मला, शाळामास्तराला, मोल वाटते ते चूक स्वस्त झाल्याचे. जिथे चूक महाग, तिथे नवे करून पाहण्याची छाती कुणाला होणार? म्हणून वाचकहो, अंगणातल्या मातीच्या किल्ल्याचा बुरूज ढासळला, तर मुलांना रागावू नका. पुन्हा लिंपू द्या. उद्याचा इंजिनिअर तिथेच घडतो आहे.