तीन मिनिटांची शाळा

मुसलमानांनी महाराष्ट्राला काय दिले, असा प्रश्न निघाला म्हणजे आपण किल्ले, दर्गे, दफ्तराची भाषा आणि संतपरंपरा यांची नावे घेतो. गायनाचा उल्लेख बहुधा शेवटी येतो. संगीताविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत आणि त्या चर्चेत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु इतिहास म्हणून पाहिले तर मराठी माणसाचा कान ज्यांनी घडविला त्यांत खाँसाहेबांचा वाटा मोठा आहे, हे कोणालाही नाकारता येणार नाही. त्यांपैकी दोन थोर उस्तादांची आणि ग्रामोफोन रेकॉर्डची ही हकीकत आहे. शिक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेच्या स्मरणिकेत ती सांगण्यास कारण आहे, ते ओघात येईलच.

भारतात ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कलकत्त्यात सुरुवात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यंत्रसामग्री घेऊन आले आणि गौहरजान यांच्यासारख्या गायिकांचे आवाज त्यांनी मुद्रित केले. रेकॉर्डी तयार होत त्या जर्मनीतील हानोवर शहरी. तेथील कारागिरांना गाणारा कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच गायक स्वतःचे नाव पुकारीत असे. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघाला आणि रेकॉर्डी येथेच तयार होऊ लागल्या. लाखेपासून बनविलेली दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. जो ख्याल मैफलीत तासभर चालायचा तो तीन मिनिटांत कसा बसवावा, ही गवयापुढची मोठीच अडचण होती. शिवाय घराण्याची चीज कोणाच्याही कानी पडणार, हीही धास्ती होती. त्या काळी चीज म्हणजे खानदानाची दौलत. ती मुलाला द्यावी, गंडा बांधलेल्या शागिर्दाला द्यावी. बाजारात मांडू नये, असा रिवाज होता.

अशा काळात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब यांनी रेकॉर्डसाठी गायिले. त्यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेतील कैराना गावचा. पुढे ते दक्षिणेत आले आणि मिरजेला स्थिरावले. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढून खानदानाबाहेरच्या मुलांना शिकविले. १९०५ च्या सुमारास आणि पुन्हा १९३४ नंतर त्यांच्या रेकॉर्डी झाल्या. त्यांतील झिंझोटी, बसंत आणि भैरवी या रेकॉर्डी रसिक आजही एकमेकांना आवर्जून ऐकवितात. तीन मिनिटांत घाई कोठेच जाणवत नाही. स्वर लागतो, स्थिरावतो आणि मगच पुढे सरकतो. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर असताना सिंगपेरुमाळकोइल स्टेशनात त्यांचा इंतकाल झाला. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायन होते आणि तेथे हजेरी लावणारे कलावंत सर्व धर्मांचे असतात.

आता या रेकॉर्डींनी काय केले ते पाहा. गदगसारख्या गावात राहणाऱ्या एका शिक्षकाच्या मुलाने लहानपणी खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली. असे गाणे आपल्याला आले पाहिजे, या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. तोच मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. खाँसाहेबांच्या खानदानाशी त्याचे नाते नव्हते, धर्म वेगळा होता, घरची भाषा वेगळी होती. तरीही ती रेकॉर्ड त्याला खाँसाहेबांचे शागिर्द सवाई गंधर्व यांच्या दारापर्यंत घेऊन गेली. २००८ साली त्या मुलाला भारतरत्न जाहीर झाले. लाखेच्या एका तबकडीने घराण्याच्या भिंतीला पाडलेले हे खिंडार होय.

दुसरे उदाहरण उस्ताद अल्लादिया खाँसाहेब यांचे. त्यांचा जन्म राजस्थानातील उनियाऱ्याचा, १८५५ सालचा. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी ते दरबार गवई होते. अनवट रागांचा त्यांच्याइतका साठा क्वचितच कोणापाशी असेल. १९४६ साली मुंबईत ते निवर्तले, आणि त्यांच्या आवाजाची एकही रेकॉर्ड मागे राहिली नाही. आपली जीवनकथा मात्र त्यांनी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगून उतरवून घेतली. म्हणजे त्यांचे शब्द आपण आज वाचू शकतो. ज्या स्वरामुळे ते शब्द वाचावेसे वाटतात, तो स्वर ऐकण्याचा मार्ग मात्र उरलेला नाही.

म्हणून अल्लादिया खाँसाहेबांनी विद्या दडवून ठेवली असे कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल. मंझीखाँ आणि भूर्जीखाँ या पुत्रांना त्यांनी शिकविले, तसेच केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या कन्यांनाही शिकविले. मोगूबाईंकडून ती विद्या त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकरांकडे गेली, आणि मंझीखाँ व भूर्जीखाँ यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूर यांच्याकडे. केसरबाईंची भैरवीची रेकॉर्ड तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात धाडण्यात आली. ज्या उस्तादाचा आवाज पृथ्वीवर कोठेच सापडत नाही, त्याच्या शागिर्दिणीचा आवाज ताऱ्यांकडे निघाला आहे.

या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. उस्तादावाचून इल्म पुरे होत नाही. भीमसेनांनाही रेकॉर्ड पुरली नाही. गुरूच्या घरी पाणी भरावे लागले, वर्षानुवर्षे रियाज करावा लागला. पण ज्याला उस्ताद लाभलेला नाही, जो दूरच्या गावी आहे, गरीब आहे, परका आहे, त्याच्या मनात तहान उत्पन्न करण्याचे काम रेकॉर्डने केले. ग्रंथ आणि गुरू यांचे जे नाते, तेच रेकॉर्ड आणि उस्ताद यांचे. आपल्या संस्था खेड्यापाड्यांत वाचनालये काढतात त्या याच हेतूने. मुलाच्या हाती आधी पुस्तक पडावे, मग त्याने शिक्षकाला शोधीत यावे.

आणखी एक गोष्ट. या रेकॉर्डी आज शिल्लक आहेत त्या मुख्यतः शौकिनांमुळे. त्यांनी जुन्या बाजारातून, रद्दीवाल्याकडून एकेक तबकडी उचलली, जपली आणि ऐकविली. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. अशा मंडळींच्या बैठकीत कोणी झिंझोटी लावतो, कोणी अमीर खाँसाहेबांच्या मारवा व दरबारीची दीर्घ रेकॉर्ड काढतो, आणि मग कोणती सरस यावर मध्यरात्रीपर्यंत वाद रंगतो. हा नुसता शौक नव्हे. इतिहासाची साधने जतन करण्याचे हे काम आहे.

आपल्याही जुन्या घरांत, माळ्यावर किंवा ट्रंकेत, कव्वालीच्या, नाटकाच्या, ख्यालाच्या रेकॉर्डी पडलेल्या असतील. घर विकताना त्या भंगारात जातात. त्या एकावर एक रचून ठेवू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी स्पिरिटने पुसू नयेत, कारण स्पिरिटने लाख विरघळते. कोणती रेकॉर्ड, कोणाची, कोणत्या क्रमांकाची, एवढी यादी केली तरी पुष्कळ झाले. त्यांचे आवाज आता संगणकावर सहज उतरवून ठेवता येतात. संस्थेच्या एखाद्या ग्रंथालयाने अशा रेकॉर्डींसाठी एक कपाट राखून ठेवले आणि आपल्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन याद्या केल्या, तर त्यासारखा इतिहासाचा दुसरा धडा नाही.

अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आता परत येणार नाही. परंतु जे उरले आहे ते आपल्या हयातीत नष्ट होऊ नये, एवढी जबाबदारी तरी आपण घेऊ शकतो. न जाणो, आपल्याच एखाद्या शाळेतील मुलगा किंवा मुलगी ती तीन मिनिटे ऐकेल आणि उस्तादाच्या शोधात निघेल.